फलटणची जुळी कोकरं

लोणंदहून फलटणकडे निघालं की नीरेच्या कालव्याचं पाणी आणि ऊस बराच वेळ सोबत करतात. तालुक्याच्या दक्षिणेला, माणच्या बाजूला वळलं, की रान कोरडं होत जातं. हा मुलूख मेंढ्यांचा. इथले धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. एवढी पायपीट दख्खनी मेंढीला झेपते, पण ती देते बहुधा एकच कोकरू.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं यावर सुंदरबनातली गरोळ मेंढी आणली. दिसायला ठेंगणी, पण जुळी-तिळी देणारी. या गुणामागे ‘फेक-बी’ नावाचं एकच जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांमुळे ते ऑस्ट्रेलियातही पोचलं, असं मानतात. संकर केल्यावर कोकरं वाढली, पण अंगानं लहान. मग पुढची पिढी पुन्हा दख्खनीशी जोडायची, रक्त तपासून जनुक असलेलीच जनावरं पैदाशीला ठेवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. जुळी झाली म्हणजे आईला चाराही जास्त लागतो, हे मात्र विसरून चालत नाही.

रस्त्यात एक मेंढपाळ बाबा भेटले. जनुकाचा विषय काढला तर हसले. म्हणाले, “गुरुजी, चांगला नर दिसला की ईदीला तुम्हीच उचलता. माझ्याकडं राहतो तो मरतुकडा.”

बोल खरा होता. झपाट्यानं वाढणारा नर आधी विकला जातो, मागे राहिलेला कळपाचा बाप होतो आणि पुढची कोकरं त्याच्यावर जातात. त्यात तोच मेंढा चार-पाच वर्षं राहिला तर स्वतःच्या लेकींवरच फिरतो. कोकरं अशक्त निपजतात. जुळ्यांची, भरपूर दुधाच्या आईची दोन-तीन कोकरं वजन करून राखावीत, दोन वर्षांनी मेंढा दुसऱ्या कळपाशी बदलावा, एवढं केलं तरी फरक पडतो.

आपल्याकडूनही एक होऊ शकतं. दोन हंगाम पैदास करून कळपातून निघणारा मेंढा धडधाकट, निर्दोष असेल तर कुर्बानीला चालतो. तोच मागावा आणि कोवळा उमदा नर मेंढपाळाकडे राहू द्यावा. गोश्त जरा चिवट लागेल, घरात कुरकुर होईल. कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त घ्याव्यात.