रिकाम्या डब्याचे झाकण

गॅस संपला, की सिलिंडर दाराशी ठेवण्यापूर्वी गृहिणी दोरीला लटकणारे प्लॅस्टिकचे झाकण त्याच्या तोंडावर घट्ट बसवते. "अगं, रिकाम्या सिलिंडरला कसलं झाकण?" नवरा हसतो. ती ऐकत नाही, आणि तिचेच बरोबर असते. अशीच झाकणे बसवायची राहिली आणि ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत ११० माणसे प्राणाला मुकली.

मायामीहून अटलांटाला निघालेले व्हॅल्यूजेटचे ५९२ क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर दहा-अकरा मिनिटांतच एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. मगरींच्या त्या मुलखात, चिखलात चाचपडत शोधपथकांनी तुकडे वेचले. तपास अधिकाऱ्यांनी ते जुळवले. आगीच्या खुणा पुढच्या सामानाच्या कप्प्याकडे बोट दाखवीत होत्या.

त्या कप्प्यात काही टायर होते आणि प्राणवायूच्या डब्यांची पाच खोकी. कागदावर लिहिले होते, 'रिकामे'. संकटकाळी प्रवाशांच्या तोंडावर जे मुखवटे येतात, त्यांना प्राणवायू पुरवणारे हे डबे. दोरी ओढली, की आतल्या रसायनातून प्राणवायू सुटू लागतो आणि डबा बाहेरून भयंकर तापतो. दुसऱ्या विमानांतून ते काढले होते, कारण बऱ्याच डब्यांची मुदत संपली होती. पण मुदत संपली म्हणजे आतला माल संपला असे नव्हे! डबा चुकून सुरू होऊ नये म्हणून लावायची प्लॅस्टिकची टोपणे कुणी लावलीच नव्हती. कामाच्या कागदांवर मात्र ती लावल्याच्या सह्या होत्या.

कप्पा हवाबंद होता. आग लागलीच तर हवेअभावी विझेल, या भरवशावर तिथे ना धुराची सूचना देणारे यंत्र होते, ना आग विझवण्याची सोय. या आगीने मात्र आपला प्राणवायू बरोबरच आणला होता. तपासासाठी तशीच खोकी पेटवून पाहिली, तेव्हा आगीने रौद्र रूप धरले आणि जवळचा टायर फुटला. विमानातल्या ध्वनिमुद्रणातला एक अनोळखी आवाज बहुधा असाच टायर फुटल्याचा होता.

१९९७ च्या अहवालाने दुरुस्ती करणारी कंपनी, विमान कंपनी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे सरकारी खाते, तिघांनाही दोषी धरले. १९९८ मध्ये अशा कप्प्यांत धूरसूचक आणि अग्निशामक यंत्रणा बसवण्याचा नियम झाला.

टोपण तसे क्षुल्लक किमतीचे. पण ते लावायला डब्याला हात लावावा लागतो. सही मात्र डबा न पाहताही करता येते.