मनीचं दार

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आज सुताराने तळाशी चौकोन कापून मनीसाठी झुलती झडप बसवली. भुसा फरशीवर सांडत होता आणि मन उगाच हलत होतं. धडधाकट दाराला आपणच भोक पाडायचं? इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथेड्रलच्या घड्याळाच्या दारात 1598 मध्ये असंच भोक पाडलं होतं, उंदरांवर मांजर सोडायला. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवर काळजी निराळी. जानेवारी 2019 मध्ये सावरकरनगरात बिबट्या शिरला होता. गोदाकाठ, मळे जवळच. मनीला मोकळीक द्यावी, की जपावं? मी उशिरा यायचो तेव्हा आई कडी न लावता जागायची. तिला काय वाटायचं, कधी विचारलं नाही. झडपेला खिटी आहे. दिवेलागणीला ती लावायची, एवढं मात्र ठरलं.