फेलची शर्यत

सबबी सांगण्याची विद्या मला फार लहानपणीच वश झाली. वाईला आमचे घर कृष्णेच्या एका तीरावर आणि शाळा दुसऱ्या तीरावर. पावसाळ्यात ढोल्या गणपतीच्या घाटावर पाणी चढले, की सारे गाव ते पाहायला लोटत असे. गृहपाठ राहिला, की दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून म्हणे, "गुरुजी, कृष्णेला पाणी आलं होतं." पुढे पुढे तर नदीत घोटाभर पाणी असतानाही ते माझ्या वहीपुरते पुलाला लागू लागले! गुरुजी काही बोलत नसत. आपली सबब खपली, अशी माझी त्या वयात प्रामाणिक समजूत होती.

मोठेपणी दैवाने मला आणून टाकले तेही अशा देशात, की जिथे हवा ही सबबींची न आटणारी विहीरच आहे. इंग्लंडमध्ये पाहुणा उशिरा आला तर पावसामुळे, क्रिकेटचा सामना राहिला तर पावसामुळे, आणि दोन अनोळखी माणसे बोलू लागली तर तीही पावसामुळेच. दातांचा डॉक्टर म्हणून लँकेशायरमधल्या एका लहानशा गावात मी गेली पंचवीस वर्षे काढली. तिथून उत्तरेला तासा-दीड तासावर सरोवरांचा तो डोंगराळ मुलूख आहे, ज्याला 'लेक डिस्ट्रिक्ट' म्हणतात. लहानपणी पांडवगडावर धावत चढणाऱ्या माणसाला तो मुलूख स्वस्थ बसू देईना. पंचेचाळिशी उलटल्यावर मी तिथल्या डोंगरांवर धावू लागलो, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका 'फेल' शर्यतीला नाव दिले.

ही बातमी आईला फोनवर सांगितली, तेव्हा ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "फेल? अरे, नापास होण्याची शर्यत कसली लावतात ते लोक?"

मी तिला समजावले, की 'फेल' म्हणजे डोंगर. शेकडो वर्षांपूर्वी समुद्रावरून येऊन इथे वसलेल्या नॉर्स लोकांचा हा शब्द मागे राहिला आहे. पण आईचे समाधान झाले नाही. "शब्द कुणाचा का असेना," ती म्हणाली, "तू पास होऊन ये म्हणजे झालं."

ती शर्यत होती बॉरोडेलची. सत्तावीस किलोमीटरांचे अंतर आणि सारा चढ एकत्र मोजला तर सुमारे दोन हजार मीटर. रॉस्थवेट नावाच्या खेड्यातून निघायचे, इंग्लंडमधले सर्वांत उंच शिखर जे स्कॅफेल पाइक त्याच्यावर जायचे, तिथून उतरून ग्रेट गेबल चढायचा, मग होनिस्टरच्या खिंडीत उतरून शेवटचा डेल हेड चढायचा आणि पुन्हा रॉस्थवेटला यायचे. उंचीचे म्हणाल तर स्कॅफेल पाइक अवघे ९७८ मीटर. आपल्या कळसूबाईच्या खांद्यालाही ते लागणार नाही. पण या डोंगरांना उंचीवर जोखू नये. तिथे शर्यतीची वाट आखून दिलेली नसते. ठरावीक ठिकाणी पंच बसलेले असतात. एकाकडून दुसऱ्याकडे कसे जायचे हे ज्याचे त्याने नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरवायचे. या खोऱ्यातलाच बिली ब्लँड नावाचा दगडकामाचा कारागीर १९८१ साली ही शर्यत दोन तास चौतीस मिनिटांत धावला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याने या मुलखातली बेचाळीस शिखरे चौदा तासांच्या आत पालथी घातली. अशीच बेचाळीस शिखरे १९३२ मध्ये बॉब ग्रॅहॅम या केसिकच्या गृहस्थाने चोवीस तासांच्या आत केली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली होती!

पहिल्या वर्षी मी ही शर्यत अर्ध्यावर सोडली. त्या दिवशी धुके होते, हे अगदी खरे. स्कॅफेल पाइकवर मला माझेच बूट नीट दिसत नव्हते. परंतु होनिस्टरला उतरलो तेव्हा धुके वर सरकले होते आणि रस्त्यावर चक्क ऊन पडले होते. त्या खिंडीत स्लेटच्या पाट्यांची जुनी खाण आहे, मोटारी उभ्या असतात, चहा मिळतो. समोर डेल हेडचा चारशे मीटरांचा चढ उभा होता. मी चढाकडे पाहिले, चहाकडे पाहिले, आणि छातीवरचा नंबर काढून पंचाच्या हाती दिला.

शर्यत सोडणाऱ्याने परत येऊन तंबूत नोंद करावीच लागते. नाहीतर त्याला शोधायला माणसे रात्रभर डोंगर धुंडाळतील. तंबूतल्या बाईंनी माझ्या नावापुढे 'निवृत्त' असे लिहिले. शर्यत सोडणारा आणि पेन्शनीत निघणारा या दोघांना इंग्रजीत एकच शब्द आहे. घरी आल्यावर मी सर्वांना सांगितले, "धुकं इतकं दाट होतं, की पुढे जाणं म्हणजे जिवाशी खेळ." सर्वांनी माझ्या शहाणपणाची वाखाणणी केली. आईने तर शेजारच्या काकूंना सांगितले म्हणे, की आमचा मुलगा हट्टी खरा, पण वेळेला शहाणा! निंदा माणूस पचवू शकतो. न कमावलेली शाबासकी मात्र चपलेतल्या खड्यासारखी वर्षभर टोचत राहते.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टच्या त्या शनिवारी मी पुन्हा रॉस्थवेटला गेलो, आणि पाहतो तो आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखे निळे! या खोऱ्याच्या वरच्या अंगाला सीथवेट म्हणून चार घरांची वस्ती आहे. इंग्लंडमधल्या राहत्या जागांत सर्वांत जास्त पाऊस तिथे पडतो, वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर. आमचे महाबळेश्वर त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आपले काम उरकून जातो, सीथवेटचा बारा महिने घरजावयासारखा मुक्काम ठोकून असतो. याच सीथवेटच्या डोंगरात सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइट सापडले आणि केसिकचा पेन्सिलींचा धंदा उभा राहिला. ज्या पेन्सिलीने मी गृहपाठ केला नाही, तिच्या माहेरी मी येऊन पोचलो होतो, आणि तिथे त्या दिवशी पावसाचा थेंब नव्हता!

पण सामानाची तपासणी काही टळली नाही. रेनकोट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडचणीला खाऊ. एवढे पाठीवर असल्याशिवाय सोडत नाहीत. रणरणत्या उन्हात हातमोजे दाखवताना मला हसू आले. तपासणारे वृद्ध गृहस्थ मात्र गंभीर होते. डोंगराच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये, एवढेच ते म्हणाले.

अकरा वाजता आम्ही निघालो. पहिला चढ बेसीबूटचा. नेच्यांच्या कमरभर रानातून, गडग्यांच्या कडेकडेने सारी रांग मुंग्यांसारखी वर सरकत होती. धावणे कसले, गुडघ्यांवर हात ठेवून चढणे! एरवी वाहते ओहोळ उन्हाने बारीक झाले होते. हर्डविक जातीच्या राखी मेंढ्या सावलीला बसून आमच्याकडे पाहत होत्या. या मेंढ्या जन्मतात काळ्या आणि वयाबरोबर करड्या होत जातात. त्यांच्या डोळ्यांत मला एका प्रौढ माणसाबद्दलची दुसऱ्या प्रौढ प्राण्याची सहानुभूती दिसली.

एस्क हॉजच्या खिंडीनंतर नुसते दगडच दगड. स्कॅफेल पाइकवर त्या दिवशी जत्रा भरली होती. कुणी सहकुटुंब डबे सोडून बसले होते. एका लहान मुलीने मला गोळी दिली आणि तोंडात टाकीपर्यंत ती माझ्यावर लक्ष ठेवून उभी राहिली. हे शिखर पहिल्या महायुद्धात पडलेल्या या मुलखातल्या माणसांच्या स्मरणार्थ १९१९ साली राष्ट्राला दान दिलेले आहे. तिथून पश्चिमेला समुद्र चकाकत होता आणि त्यात आइल ऑफ मॅन बेट पुसट दिसत होते. गेल्या वर्षी याच जागी मला माझे बूट दिसत नव्हते! क्षणभर थांबून मी डोळे भरून पाहिले. मग घसाऱ्यावर पाय टाकला आणि दगडांच्या लोंढ्याबरोबर घसरत, बसत, पुन्हा उठत खाली आलो.

स्टाय हेडच्या खिंडीत जखमींसाठी स्ट्रेचर ठेवलेली एक पेटी आहे. थकलेल्या माणसाला ती उगीचच आपली वाटते. मी तिच्याकडे पाठ फिरवून गेबल चढू लागलो. तो चढ मी कसा चढलो, ते माझे मलाच आठवत नाही. माथ्यावर पितळी रंगाची एक पाटी आहे. एका गिर्यारोहक मंडळाचे जे सभासद महायुद्धातून परतले नाहीत त्यांची नावे तिच्यावर आहेत. १९२४ साली ती बसवली, आणि दर नोव्हेंबरात लोक तिथे जमून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात. पाटीपाशी पंच बसले होते. उत्तरेकडे, खिंडीच्या पलीकडे, डेल हेड स्वच्छ दिसत होता. इतका स्वच्छ, की त्याच्या माथ्यावरची दगडांची रास हाताने उचलून घ्यावी!

होनिस्टरला पोचलो, तेव्हा मुदत संपायला सहा मिनिटे होती. तीच मोटारींची रांग, तोच चहाचा वास. पंच म्हणाले, "सहा मिनिटं आहेत. जाणार ना?"

मी गुडघ्याची चौकशी केली. तो दुखत नव्हता. पोटाची केली; तेही ठीक होते. शेवटी मी मान वर करून आकाशाकडे पाहिले. एवढ्या मोठ्या आकाशात माझ्या कामाला येईल असा एकही ढग नव्हता!

निरभ्र दिवस हा मोठा निष्ठुर परीक्षक असतो, हे मला तेव्हा कळले. धुक्यात माणूस थांबला, तर धुके थांबवते की मन थांबवते याचा निवाडा कुणी करू शकत नाही, आणि त्या संशयाचा फायदा आपण आपल्यालाच देऊन टाकतो. उघडिपीत मात्र खटल्यात एकच आरोपी उरतो. मी पंचांना "जातो" म्हटले आणि चढाला लागलो.

त्या चढावर मी चाळीस पावले मोजून थांबे, पुन्हा चाळीस मोजे. तारेच्या कुंपणाचा एकेक खांब हे माझे तीर्थक्षेत्र झाले. आणि गंमत अशी, की मधेच केव्हातरी मन एकदम हलके झाले. मला वाटले, आज इथून परत फिरलो असतो आणि घरी "दमलो" असे सांगितले असते, तरी काय बिघडले असते? दमण्यात लाज कसली? पन्नाशीच्या माणसाने डोंगरावर दमू नये असा काही कायदा नाही. लाजिरवाणे होते ते धुके. मी अर्ध्यावर सोडलेल्या शर्यतीने मला वर्षभर टोचले नव्हते. जे धुके मी घरी घेऊन आलो, त्याने टोचले होते.

डेल हेडवरून उतरताना पाय माझे राहिले नव्हते. जुन्या स्लेटच्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून ते आपापल्या मर्जीने मला खाली नेत होते. रॉस्थवेटच्या कुरणात पोचलो तेव्हा शर्यत जिंकणारा आंघोळ करून गवतावर लोळत पडला होता. बिली ब्लँडच्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेऊन मी शेवटून तिसरा आलो. मला वाटले, आता टाळ्या वाजवायला कोण उरले असणार? पण लोक होते, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्याही. तंबूत गेल्या वर्षीच्याच बाई होत्या. या वेळी त्यांनी नावापुढे वेळ लिहिली आणि चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला. तोच चहा, पण गेल्या वर्षी त्याला अशी चव नव्हती.

वाईला रात्रीचे पावणेनऊ झाले असतील. कुरणाच्या कडेला गडग्याला टेकून मी आईला फोन लावला.

"पास का?" तिने पहिलाच प्रश्न केला.

"पास. शेवटून तिसरा."

"असू दे. पास तो पास. हवा कशी होती?"

"अगदी लख्ख." मग मी जरा थांबलो. "आई, गेल्या वर्षी मी धुक्यामुळे थांबलो नव्हतो. धुकं तोवर गेलं होतं. मी दमलो होतो, म्हणून सोडली शर्यत."

पलीकडे काही क्षण नुसती खरखर ऐकू आली. मग आई हसली. ऐंशीच्या घरातली माझी आई मनापासून हसते, तेव्हा तिला ठसका लागतो. तो ओसरल्यावर ती म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षीसुद्धा कृष्णेला पाणी आलं होतं म्हण की!"

मी गुरुजींना फसवत होतो, अशी माझी चाळीस वर्षे समजूत होती.