भिंतीवरचा बगळा

आमच्या हिमायतनगरातल्या मुस्लिम घरांच्या भिंती बऱ्याचशा सारख्याच दिसतात. मक्का-मदिनेची चौकट, आयतुल कुर्सी, एक घड्याळ, फार तर अजमेरच्या दर्ग्याचे कॅलेंडर. जानदार चित्र नाही. अंगणात कोंबड्या, माडीवर कबुतरे, पिंजऱ्यात मिठ्ठू चालतो. कागदावरचा पक्षी चालत नाही. यावर आमच्या घरात कधी बोलणेही झाले नव्हते.

ते झाले जपानी चित्रांमुळे. आमची धाकटी नांदेडला चित्रकला शिकते. तिने एका जुन्या कॅलेंडरची पाने आणली. ओहारा कोसोन (१८७७-१९४५) या चित्रकाराची ती पक्षीचित्रे. कावळा, खंड्या, बर्फात उभा पांढराशुभ्र बगळा. बगळा तिने बैठकीत लावला. फुप्पी म्हणाल्या, "बेटी, ये निकाल दे. इसके सामने नमाज कैसी पढना? घर में फरिश्ते नई आते."

फुप्पींचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. रूह फुंकणारा एकच आहे, त्याच्या जागी माणसाने बसू नये, ही त्यामागची भीती. पण उलेमांतही सगळ्यांचे मत एक नाही. मूर्ती, कागदावरचे चित्र आणि फोटो यांत फरक करणारे आहेत, न करणारेही आहेत. हजच्या अर्जावर तर आपणा सर्वांचाच फोटो लागतो. म्हणून आम्ही वाद बाजूला ठेवला आणि ही चित्रे होतात कशी, ते आधी समजून घेतले.

ही चित्रे कुंचल्याने थेट कागदावर रंगवलेली नसतात, लाकडी ठशांनी छापलेली असतात. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो. तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवतात आणि कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकतो. त्यात मूळ रेखाटन नष्ट होते. मग रंगागणिक वेगळी फळी. कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला खुणेच्या खाचा. तुतीच्या जातीतल्या झाडाच्या सालीचा ओलसर कागद, आणि दाब देण्यासाठी यंत्र नव्हे, हातात धरायची वेळूच्या पानात गुंडाळलेली चकती. एका बगळ्यामागे चित्रकार, कोरणारा आणि छापणारा असे तिघे. नाव बहुधा चित्रकाराचे राहते, शिक्का प्रकाशकाचा. बाकी दोघे आपल्याकडच्या रंगरेजांसारखे. ठशांची रजई घराघरांत असायची. तिचा ठसा कुणी कोरला, हे कुणी विचारले नाही.

हे सारे ऐकून फुप्पी बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इत्ते बरफ में उसके पाँव नई ठिठरते?" वादातले कुठलेही वाक्य आम्हांला या प्रश्नाइतके मोलाचे वाटले नाही. चित्र पाहून त्यांना चित्रकार आठवला नाही, बगळ्याची थंडी आठवली.

धाकटीने हौसेने सागाच्या तुकड्यावर टिटवी कोरायला घेतली. किनवटचा साग आपल्याला परका नाही, पण तीन आठवड्यांत तिला टिटवीचे पायही नीट जमेनात. एक पीस कोरू पाहणाऱ्याला फार लवकर कळते की आपल्याला पीस घडवता येत नाही. चित्राने माणूस खुदाची बरोबरी करू लागेल, ही भीती खरी असेल. पण पक्षी नीट पाहून काढणारा बहुधा उलट दिशेने जातो. त्याची मान खाली जाते.

आणि ही नजर जपानकडून उसनी घ्यावी लागत नाही. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी टर्की कोंबडा आणला. तो या मुलखात कुणी पाहिलेला नव्हता. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे. बादशहाने मन्सूरला 'नादिर-उल-अस्र' किताब दिला. मुंबईत १८९६ साली जन्मलेले सालिम अली तर आपल्याच काळातले. १९३१ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली. आपला नांदेड जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्याच १९३१ साली योशिदा हिरोशी हा जपानी चित्रकार भारत पाहून परतला आणि त्याने फतेहपूर सिक्रीतल्या जाळीतून येणारा उजेड लाकडी ठशांनी छापला. तो आपल्या इमारती पाहत होता, सालिम अली आपले पक्षी.

कुरआनात पक्ष्यांच्या पसरलेल्या पंखांकडे पाहायला सांगितले आहे. सुलेमान अलैहिस्सलाम यांना खबर आणून देणारा हुदहुद आपल्या मुलांना मदरशात भेटतो. तोच हुदहुद शेताच्या बांधावर तुरा उभारून किडे टिपतो, तेव्हा त्याला ओळखणारी मुले किती?

बगळा आता पूर्वेच्या भिंतीवर आहे. नमाजेला उभे राहिलो की तो पाठीमागे असतो. फुप्पींचे मन पुरते राजी नाही, धाकटीचेही नाही. घर मात्र दोघींचे आहे. आम्हांला काळजी वेगळीच वाटते. भिंतीवर पक्षी असावा की नसावा, यावर आपण पुष्कळ बोलू. पैनगंगेच्या काठावर तो उरला आहे का, हे पाहायला कोण जाणार?