दोन नद्यांमधला संसार

सांगवी नावाची गावे आपल्या महाराष्ट्रात इतकी आहेत, की "आम्ही सांगवीला राहतो" असे म्हटले की ऐकणारा आधी विचारतो, "कोणती सांगवी?" बारामती तालुक्यात एक आहे, नांदेडला अगदी खेटून एक आहे, आणखीही पुष्कळ असतील. आमची सांगवी पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतली, पुण्याच्या उंबरठ्यावरची. औंधहून मुळा ओलांडली की सांगवी लागते, आणि सांगवीहून पवना ओलांडली की दापोडी. जरा खाली दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. म्हणजे आमचे गाव दोन बहिणींच्या मध्ये बसलेल्या पोरासारखे. कौतुक दोघींकडून, आणि धपाटेही दोघींकडून.

पूर्वी इथे मळे होते असे जुनी माणसे सांगतात. १९५५ साली पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्यामागून एकेक कारखाने आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, आणि १९८२ साली तिची महानगरपालिका. कारखान्यांत माणसे लागत होती आणि माणसांना घरे लागत होती. मळ्यांचे गुंठे पडले. माझे वडील एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी जुन्या सांगवीत एक गुंठा जागा घेतली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात घर, पुढे चार हात अंगण आणि मागे मोरीलगत अळूपुरती जागा. पाया भरण्याआधी वडील गावातल्या म्हाताऱ्या मंडळींकडे जाऊन विचारून आले होते, "नदी कुठवर येते?" उत्तर ऐकून त्यांनी जोते उंच घेतले आणि पुढे पाच पायऱ्या बांधल्या. लहानपणी त्या पायऱ्या आम्हांला फक्त उड्या मारायला ठेवल्या आहेत असे वाटे.

नवख्या पाहुण्याला वाटते, दोन नद्यांच्या मध्ये राहणाऱ्यांना पाण्याची काय ददात! पण २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात एक दिवसाआड पाणी देण्याची पद्धत सुरू झाली आणि आमच्या घराला एक नवे पंचांग मिळाले. त्यात तिथी दोनच: पाण्याची आणि बिनपाण्याची. पाण्याच्या दिवशी कपडे, फरशी, रोपे आणि डोक्यावरून अंघोळ. बिनपाण्याच्या दिवशी पोहे, पिठले, खिचडी असे एका पातेल्यात होणारे पदार्थ. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, सौ. शाळेत गणित शिकवते. त्यामुळे पाण्याविषयीची विशेषणे माझ्याकडे असतात आणि आकडे तिच्याकडे.

एकदा न्हाणीघरातला नळ गळू लागला. "उद्या बघू" असे मी म्हणालो. सौ.ने वाद घातला नाही. तिने नळाखाली लिटरचा तांब्या ठेवला आणि घड्याळ पाहिले. दीड तासात तांब्या भरला. रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, दिवसाला सोळा लिटर. महिन्याला चारशे ऐंशी. म्हणजे वरची आपली पाचशे लिटरची टाकी महिन्याला एकदा नुसतीच मोरीत ओतायची." दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉशर आणायला दुकानाच्या दारात, दुकान उघडायच्या आधीच उभा होतो.

पुढच्या पावसाळ्यात तिने गच्चीचे गणित मांडले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमची गच्ची साठ चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक सर म्हणजे सहाशे लिटर! मग गच्चीच्या नळीला कोपर जोडून ती अंगणातल्या दोन पिंपांत सोडणे, तोंडाला जुन्या धोतराची गाळणी बांधणे, पिंपांवर झाकणे बसवणे, असे आमचे दोन रविवार गेले. पहिली सर आली तेव्हा आम्ही दोघे ओसरीवर उभे राहून पिंप भरण्याचा आवाज ऐकत होतो. लग्नाला सतरा वर्षे झालेल्या नवराबायकोने अशा कारणासाठी चहा गार होऊ द्यावा, हे शेजाऱ्यांना जरा नवल वाटले असावे.

आमच्या नळाला येणारे पाणी पवनेचे. मावळात धरण आहे. तिथून सुटलेले पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून शहरासाठी उचलले जाते. एका मे महिन्यात सौ. म्हणाली, "ज्या पाण्याचा एवढा हिशेब करतो, ते राहते तरी कुठे ते बघून येऊ." आम्ही गेलो. एका अंगाला तुंग आणि तिकोना, दुसऱ्या अंगाला लोहगड आणि विसापूर, आणि मध्ये उन्हाळ्याने ओसरलेले पाणी. पाणी मागे हटले की तिथे वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते. पावसाळ्यानंतर ते महिनोन्‌महिने पाण्याखाली असते. देवळाच्या काळ्या दगडांवर गाळ वाळून त्याला तडे गेले होते. सौ. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "देऊळ होतं म्हणजे भोवती गाव असणार."

गाव होतेच. धरणात जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे भिजत पडला. धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायचे ठरले तेव्हा मावळचे शेतकरी विरोधाला उभे राहिले. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात तिघांचे प्राण गेले. मुळेची कथाही फार वेगळी नाही. तिच्या उगमाकडच्या खोऱ्यात टाटांचे मुळशी धरण व्हायचे होते तेव्हा १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते त्याच लढ्यात. सत्याग्रह विझला, धरण झाले, आणि ते पाणी सह्याद्रीपलीकडे कोकणात भिऱ्याला उतरून वीज करू लागले. वर्गात सेनापती बापटांचे नाव मी अनेकदा घेतले आहे. पण त्या दिवशी घरी परतल्यावर नळ सोडताना ते नाव ज्या रीतीने आठवले, तसे वर्गात कधी आठवले नव्हते.

वरच्यांचा विचार सुरू झाला की खालच्यांचाही करावा लागतो. आमची नदी पुण्यात संगमावर मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा उजनीवरून पंढरपूरला जाऊन चंद्रभागा होते. हे मी एकदा सहज बोललो, तर सौ.ने भांडी घासायची पावडर निम्म्याने कमी केली. "विठोबाच्या पायांशी फेस न्यायचा म्हणजे काय!" मोरीचे पाणी तिने अळूकडे वळवले. आता अळू इतका माजला आहे, की शेजारच्या चार घरांत श्रावणातले फदफदे आमच्या मोरीच्या कृपेने होते.

पण नदीला आमचे हिशेब ठाऊक नसतात. २०२४ च्या जुलैत, २५ तारखेच्या त्या पावसात, मुळा-पवनेच्या काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. जुन्या सांगवीतही शिरले. पहाटे अंगणातली पिंपे एकमेकांवर आपटू लागली तेव्हा जाग आली. पहिली पायरी दिसत नव्हती. सात वाजेपर्यंत दुसरी गेली, मग तिसरी. आम्ही गाद्या, धान्याचे डबे आणि माझी पुस्तके माळ्यावर चढवत होतो. सौ. मध्येच ओसरीवर जाऊन पाणी पाहून येई आणि तेवढाच आकडा सांगे. चौथ्या पायरीच्या कडेशी पाणी दुपारपर्यंत तसेच थांबले आणि मग उतरू लागले. पाचव्या पायरीवर वडिलांच्या हातचा सिमेंटचा थर कोरडा होता. माझ्या हातून आपोआप नमस्कार घडला.

आठवड्याने धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आता तरी विका. वरच्या अंगाला कुठंतरी फ्लॅट घ्या." त्याचे चूक नव्हते. पाटबंधारे खाते नकाशावर दोन पूररेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. अशा रेषांच्या आसपास राहणाऱ्याने हटून बसू नये. मी रात्रभर विचार केला. सकाळी सौ.ला विचारले. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "विकायचं तर विकू. पण घेणारा कोण असेल? आपल्यासारखंच कुणीतरी, पैशाला जरा कमी, पोरं जरा लहान. पाणी काही यायचं थांबत नाही हो. आपल्याऐवजी त्यांच्या चुलीत जाईल. आणि त्यांना पायऱ्या मोजायच्या असतात हे सांगणार कोण?"

यावर माझ्यापाशी विशेषण नव्हते. आम्ही विकले नाही. मात्र हट्टही धरला नाही. विजेचे खटके आणि फलक कमरेच्या वर घेतले. खालच्या खणातली पुस्तके कायमची माळ्यावर गेली. कागदपत्रे, औषधे आणि विजेरी यांची एक पिशवी दारामागच्या खुंटीला लावली. चौथ्या पायरीच्या उंचीवर सौ.ने भिंतीवर तांबड्या रंगाची रेघ ओढली आणि आमचा करार झाला: पाणी रेघेला लागले, की काही न उचलता, वाद न घालता, पिशवी घेऊन निघायचे, आणि निघताना पलीकडच्या एकट्या राहणाऱ्या आजींना बरोबर घ्यायचे. सात जन्मांचे करार आम्ही लग्नात केले होतेच, पण इतका स्पष्ट करार हा पहिलाच.

पूर ओसरल्यावर अंगणात बोटभर काळा गाळ साचला होता. सौ.ने तो टाकू दिला नाही. वाळवून दोन पोत्यांत भरून ठेवला. दिवाळीत आळीतली मुले किल्ला करायला माती शोधू लागली तेव्हा ती पोती बाहेर आली. यंदा एक किल्ला नाही, सबंध पवन मावळ करायचे ठरले. चार कोपऱ्यांत तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर. मध्ये धरण म्हणून पत्र्याची परात. परातीच्या कडेपासून अंगणाच्या उतारावर बोटाने कोरलेली पवना. धरणाच्या काठाला मुलांनी मोहरी पेरून शेते केली आणि एक देऊळ ठेवले. शेवटी एका मुलीने विचारले, "काकू, यात सांगवी कुठंय?" सौ.ने उताराच्या तळाशी काड्यापेटीचे एक घर ठेवले.

"इतकं खाली? पाणी येईल ना!" ती मुलगी म्हणाली, आणि घर उचलून थेट धरणाच्या काठावर, मोहरीच्या शेतात ठेवू लागली.

"तिथं नको गं," सौ. म्हणाली, "तिथं आधीच लोक राहतात."

मुलगी घर हातात धरून क्षणभर विचार करत राहिली. मग ते तिने पुन्हा तळाशी, पहिल्याच जागी ठेवले. आमच्या पिंपाजवळून खापराचे दोन तुकडे शोधून आणले, घर उचलून ते त्याखाली सारले आणि वाकून नीट बसले की नाही ते पाहिले. एवढे झाल्यावर तिने परातीत पाणी ओतायला तांब्या मागितला.