सुभेदारांची जाग

या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांवर लिहावे, असा आग्रह झाला. आम्ही त्यांच्या वडिलांवर लिहीत आहोत. झरीच्या या शाळेत मुलांना भेटायला येणारे, फाटकाशी चपला काढून संकोचाने उभे राहणारे बाप पाहिले की आम्हांला सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आठवतात, हे एक कारण. दुसरे कारण आमच्या घरातले आहे; ते ओघाने येईल.

रामजी मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावचे. घराणे कबीरपंथी. वडील मालोजी लष्करात होते, रामजीही लष्करात गेले. पण त्यांच्या हाती बंदुकीपेक्षा खडूच अधिक राहिला. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाची पदविका घेऊन ते चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना तेथे शिक्षण सक्तीचे होते. गावकुसाबाहेर ज्यांना पाटीपर्यंत पोहोचता येत नव्हते, त्यांना छावणीत अक्षर मिळाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट नजरेआड करू नये. पुढे महारांची लष्करभरतीच बंद झाली आणि ती वाटही बुजली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव हे रामजी-भीमाबाईंचे चौदावे अपत्य. चौदांपैकी बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीम एवढीच जगली. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यातच भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी शरीराच्या अधूपणातही घर सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

पुढच्या उन्हाळ्याचा प्रसंग बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात खजिनदार असलेल्या वडिलांनी मुलांना भेटीस बोलावले. मुले नवे अंगरखे, जरीच्या टोप्या घालून मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले हटले. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि रात्र उपाशी, तहानलेली काढली. वडिलांना दिलेले पत्र त्यांच्या नोकराने पोहोचविलेच नव्हते. हा प्रसंग अस्पृश्यतेचा म्हणून शिकविला जातो, आणि ते योग्यच आहे. पण वर्गात शिकविताना आम्ही क्षणभर त्या बापापाशीही थांबतो. दुसऱ्या दिवशी मुले अचानक दारात उभी राहिली, तेव्हा त्या माणसाला काय वाटले असेल?

मुंबईत परळच्या चाळीतील एकच खोली. स्वयंपाक, झोप, अभ्यास सारे तेथेच. भीमरावाने लवकर निजावे म्हणून रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. मग मुलाला अभ्यासाला उठवून आपण त्याच्या जागी अंग टाकीत. मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, तर ते विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणीत आणि मारवाड्याकडे गहाण ठेवून पुस्तक घरी आणीत. पेन्शन आली की दागिना परत. दोन मुलांचे शिक्षण झेपेना तेव्हा आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले.

१९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग त्यात कृतज्ञतेने नमूद आहे. मंजुळा, तुळसा, आनंदराव यांची नावे त्या अर्पणात नाहीत. आम्ही हे उणे काढण्यासाठी लिहीत नाही. आमच्या एम.ए.च्या प्रमाणपत्रावरही आमच्या थोरल्या बहिणीचे नाव नाही. ती सातवीत थांबली, म्हणून आम्ही पुढे गेलो. आमचे वडील वाईट नव्हते. त्यांच्यापाशी एकाच मुलापुरते बळ होते, आणि ते कोणावर खर्चायचे हे त्यांनी ठरविले. बहिणीला विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. आम्हीही कधी विचारले नाही.

१९१३च्या आरंभी भीमराव बडोद्याच्या नोकरीत असताना वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. चरित्रकार धनंजय कीर सांगतात, वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावयास ते उतरले आणि गाडी निघून गेली. मग जी गाडी मिळाली ती संजाण, घोलवड, डहाणूवरूनच मुंबईस गेली असणार; त्याच रुळांवरून आजही आपली माणसे ये-जा करतात. पोहोचले तेव्हा वडिलांची नजर मुलालाच शोधत होती. त्याच्या पाठीवरून हात फिरवून २ फेब्रुवारी रोजी सुभेदार गेले.

याच झरी गावात २३ मे १९४५ रोजी पाच हजारांवर वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी ठरविले. वेठ गेली. आता दिवाळीनंतर उचल घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाणे आहे. विद्यार्थी दिवसाचे भाषण आम्ही करतो, त्याच पंधरवड्यात आमचा हजेरीपट विरळ होऊ लागतो.

गेल्या दिवाळीनंतर एक बाप कचेरीत आला. मुलगा आणि मुलगी दोघेही आपल्याकडे. म्हणाला, "गुरुजी, पोराला राहू द्या. पोरीला नेतो. धाकटं पोर भट्टीवर सांभाळायला कोण?" आम्ही त्याला सुभेदारांची गोष्ट सांगितली. रात्री दोनपर्यंतची जाग सांगितली, पुस्तके सांगितली. तो मन लावून ऐकत होता. मग त्याने विचारले, "त्यांच्या पोरी शिकल्या का, गुरुजी?"

आम्ही खरे ते सांगितले. दागिन्यांचे सांगितले. आमच्या बहिणीचेही सांगितले. शाळेत ते आम्ही प्रथमच कोणापाशी बोललो. तो बराच वेळ खाली पाहत बसला. पोरगी दाराशी उभी होती, तिने सारे ऐकले.

तो तिला घेऊन गेला. जाताना मात्र तिची पत्र्याची पेटी त्याने नेली नाही. "राहू द्या इथंच," एवढेच म्हणाला. पेटी मुलींच्या वसतिगृहात तिच्या खाटेखाली आहे. आम्ही ती जागा कोणाला दिलेली नाही, आणि पटावरचे तिचे नावही खोडलेले नाही.