सूत्रधार परत हवा

नाट्यसंगीत शिकवणं हा माझा पेशा, आणि मी जन्मांध आहे. कुपवाडातल्या घरी शिकवणी संपली की संगीत नाटकांची चित्रीकरणं लावून बसतो. त्यात माझी सगळ्यांत जास्त अडचण होते ती हशाच्या वेळी. देवलांच्या ‘शारदे’त म्हातारा भुजंगनाथ येतो, अजून एक अक्षर बोललेला नसतो आणि प्रेक्षागृह खदखदतं. तो कसा चालला, कसा नटून आला, मला कळत नाही. शेजारचं कोणी सांगतं, तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात.

पदांचं तसं नाही. बालगंधर्वांच्या रूपाची आणि शालूंची केवढी आख्यायिका! पण तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं त्यांचं पद ऐकून वेडं होणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी ते रूप कुठे पाहिलं होतं? त्यांनी बालगंधर्व माझ्यासारखेच ऐकले.

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात बसलो की नट कुठल्या विंगेतून आला, कोणाकडे तोंड करून बोलतोय, फळ्यांवर पाऊल कुठे पडलं, हे सगळं कानाला कळतं. चित्रीकरणात आत जाणाराही कानाशीच बोलतो आणि पुढे येणाराही. रंगमंचाची रुंदी आणि खोली दोन्ही नाहीशी होतात. ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. ज्या कट्यारीला एक खून माफ आहे, ती आत्ता कोणाच्या हातात आहे हे कळलं नाही, तर अभिषेकीबुवांचं संगीत पुरेपूर मिळूनही नाटक अर्धंच मिळतं.

खरं तर हे सांगणारा माणूस आपल्या रंगभूमीवर पहिल्या दिवसापासून होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर अभिनय करायची. काय घडतंय ते गाण्यातूनच कानावर पडायचं. १८८० साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रं स्वतः गाऊ लागली. ती आपली मोठी कमाई आहे, पण त्यात सांगणारा मागे पडला. ध्वनिवर्णन, म्हणजे रंगमंचावर दिसतं ते न पाहणाऱ्याला शब्दांत सांगणं, हे माझ्या मते त्याला परत बोलावणं आहे.

नाटकाचं असं वर्णन अमेरिकेत १९८१ साली वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर सुरू झालं. ते उभं करणाऱ्या मार्गारेट फान्स्टील यांना स्वतःलाच दृष्टी नव्हती. २०२० साली ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेचं चित्रीकरण घरोघरी आलं. त्यात शब्दांची अशी दाटी आहे, की वर्णन करणाऱ्याला श्वास घ्यायला फट शोधावी लागते. आपल्याकडे जागाच जागा आहे! ऑर्गनवर पदाचा मुखडा वाजतो तेवढ्यात पात्र कुठे बसलंय ते सांगून होतं. नेपथ्य आणि वेशभूषा नांदीच्या आधी सांगून टाकावी. पदाचे शब्द पहिल्यांदा येतील तेव्हा गप्प राहावं. तानेवर बोलायचं नाही म्हणजे नाहीच. मुखडा तिसऱ्या-चौथ्यांदा आला की चार शब्द चालतात, मात्र ते समेच्या आत संपले पाहिजेत. वन्समोअर मिळाला तर दुसऱ्या वेळी हातवारे, नजर, सगळं सांगता येतं. म्हणून हे काम निवेदन छान करणाऱ्यापेक्षा ताल कळणाऱ्या माणसाचं आहे. गोड आवाजाचा निवेदक समेवर बोलला की माझ्या अंगावर काटा येतो.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला, त्यात ध्वनिवर्णनाचा उल्लेख आहे. चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी केंद्राने २०२४ साली मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मी लावलेल्या संगीत नाटकांपैकी मात्र एकातही असा ट्रॅक मला अजून मिळालेला नाही.

५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आहे. नाटकं चित्रित करणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे: रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना वेगळे माइक लावा, म्हणजे नटाची जागा ऐकू येईल. वर्णन लिहायला गाणं जाणणारा माणूस घ्या. आणि ते प्रसिद्ध करण्याआधी एखाद्या अंध श्रोत्याला शेजारी बसवून पूर्ण ऐकवा. सांगली, मिरज, कुपवाडात असे तयार कान पुष्कळ आहेत. बोलावलंत तर आम्ही येऊ.